कूल वॉटर की अरमाफ ट्रे नुई? ग्रीन आयरिश ट्वीड परवडत नाही त्याने काय घ्यावं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका मित्राने दुबईहून आलेल्या कलीगच्या शर्टावर क्रीड या ब्रँडच्या ग्रीन आयरिश ट्वीड या महागड्या परफ्यूमचा वास घेतला, वेडा झाला, मग किंमत बघितली आणि गप्प बसला. आता बजेट आहे तीन हजार. एकाने सांगितलं डेव्हिडॉफचा कूल वॉटर घे, क्लासिक आहे, मोठं नाव आहे आणि वास जवळपास तोच. दुसरा म्हणतोय कूल वॉटर म्हातारा झाला, अरमाफचा ट्रे नुई घे, तो सरळसरळ ग्रीन आयरिश ट्वीडचा क्लोन आहे. रोज ऑफिसला लावायचाय आणि मे महिन्यात नाशिकला बहिणीचं लग्न आहे तिथेही चालला पाहिजे. शिवाय अरमाफची बाटली आधी महिनाभर मुरवावी लागते का, हेही तो विचारतोय.

मी मुंबईत एका फ्रेग्रन्स कंपनीत इव्हॅल्युएटर आहे. म्हणजे परफ्युमर जे बनवून आणतो ते दिवसभर हुंगायचं आणि हे चालेल, हे नाही चालणार, इथे लिंबू कमी कर, हे साबणात टिकणार नाही, असं सांगायचं. आमचं बरंचसं काम साबण, डिटर्जंट, डिओ आणि अगरबत्तीचं, बाटलीतला महागडा परफ्यूम त्यात थोडाच. पण याच कामामुळे या दोन वासांची अख्खी खानदान रोज नाकाखालून जाते, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घे.

निकाल आधीच देऊन टाकतो. तुझ्या डोक्यात जो वास बसलाय तो ग्रीन आयरिश ट्वीडचा असेल तर ट्रे नुई घे. कूल वॉटर वाईट नाहीये, उलट त्याच्याबद्दल मला भरपूर आदर आहे, पण तो ग्रीन आयरिश ट्वीडचा स्वस्त पर्याय म्हणून घेशील तर महिनाभरात बाटली कपाटात मागे जाणार. "दोन्ही सारखेच" हे जे लोक सांगतात ना, त्यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच सगळा गोंधळ होतो.

अर्धं खरं असं की ग्रीन आयरिश ट्वीड आणि कूल वॉटर हे दोन्ही वास एकाच माणसाच्या डोक्यातून आले असं आमच्या लाईनमध्ये सगळे मानतात. पिएर बूर्दों नावाचा फ्रेंच परफ्युमर, ज्याने १९८१ मध्ये इव्ह सँ लोराँसाठी कुरोस केला. ग्रीन आयरिश ट्वीड १९८५ चा. क्रीडच्या अधिकृत गोष्टीत नाव ऑलिव्हिए क्रीडचं येतं, पण त्यामागचं काम बूर्दोंचं हे आता उघड गुपित आहे. आणि तीन वर्षांनी, १९८८ ला डेव्हिडॉफचा कूल वॉटर आला, त्यावर मात्र बूर्दोंचंच नाव आहे. डेव्हिडॉफ म्हणजे जिनिव्हाचे सिगारवाले झिनो डेव्हिडॉफ, कपड्याबिपड्यांचं फॅशन हाऊस नव्हे, पण परफ्यूमच्या दुनियेत त्याला डिझायनरच्याच रांगेत बसवतात. म्हणजे बघ, ज्याला आपण इथे ओरिजिनल क्लासिक म्हणतोय तोच मुळात त्याच बापाचा दुसरा मुलगा, कमी बजेटमध्ये वाढवलेला आणि जास्त लोकांना आवडेल असा घडवलेला. त्यामुळे "डुप्लिकेट घेऊ की खरा घेऊ" असा हिशोब इथे मांडायचाच नाही. कूल वॉटर आणि ट्रे नुई दोघंही थोरल्याकडे, म्हणजे ग्रीन आयरिश ट्वीडकडे बघूनच बनलेत. कोणी त्याच्यातलं काय उचललं आणि काय सोडलं एवढाच फरक आहे, आणि नाकाला कळतो तो तोच.

कूल वॉटरने काय उचललं ते सांगतो. डायहायड्रोमर्सिनॉल नावाचा एक पदार्थ असतो, टर्पेंटाईनच्या घराण्यातला, थोडा लिंबासारखा, थोडा लव्हेंडरसारखा आणि त्याला एक थंड धातूसारखी धार. स्वस्त आहे, आणि साबणाच्या किंवा ब्लीचच्या तडाख्यातही मोडत नाही म्हणून आधी तो वॉशिंग पावडरवाल्यांचा लाडका होता. १९८२ च्या ड्रॅकार न्वारने तो चांगल्या परफ्यूममध्ये दणकून वापरला, साधारण दहा टक्के, आणि कूल वॉटरने ते वीस टक्क्यांवर नेलं असं आमच्याकडे शिकवतात. कॉन्सन्ट्रेटमधला, म्हणजे अल्कोहोल मिसळण्याआधीच्या तेलातला, पाचवा हिस्सा एकच पदार्थ, विचार कर. त्याच्या जोडीला पुदिना, रोझमेरी, धणे, आणि अलाईल अमाईल ग्लायकोलेट म्हणून एक माल येतो ज्याला हिरव्या अननसासारखा वास आहे. खाली थोडं देवदार, मस्क, तंबाखूची हलकी सावली आणि अँब्रोक्सान (अंबरग्रिससारखा वास देणारा पदार्थ). हे सगळं मिळून तो "समुद्र" होतो. बाटली निळी, जाहिरातीत लाटा, मग नाक पण बिचारं ऐकतं.

आता गंमत अशी की कूल वॉटर इतका चालला की पुढची तीसेक वर्षं जगातल्या प्रत्येक मेन्स डिओने, शेव्हिंग फोमने, शॉवर जेलने आणि "स्पोर्ट" लिहिलेल्या प्रत्येक निळ्या डब्याने त्याचीच नक्कल केली. आमच्याकडेच क्लायंटचा ब्रीफ येतो "फ्रेश, मॅस्क्युलिन, ॲक्वाटिक, किलोला एवढ्यात बसवा", आणि परफ्युमरचा हात न बघता डायहायड्रोमर्सिनॉलच्या बाटलीकडे जातो. त्यामुळे आज पंचवीस वर्षांचा पोरगा पहिल्यांदा कूल वॉटर हुंगतो आणि म्हणतो अरे हा तर हॉटेलच्या बाथरूममधला साबण. आम्ही एकदा नंबर टाकलेल्या स्ट्रिप्स अकाउंट्सवाल्यांकडे फिरवल्या होत्या, नाव कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कूल वॉटरची पट्टी हातात घेतल्या घेतल्या "आफ्टरशेव्ह", "बाबांचा डिओ", "सलून" अशीच उत्तरं. वास खराब आहे असं एकानेही म्हटलं नाही. चांगलाय म्हणाले, पण ओळखीचा. तुला ग्रीन आयरिश ट्वीडमध्ये जे आवडलं ते नेमकं उलटं होतं, ते अनोळखी होतं म्हणून तू वळून बघितलंस.

आणि ते अनोळखी काय होतं, तर व्हायोलेटचं पान. फूल नाही, पान. त्याचा ॲब्सोल्यूट, म्हणजे दाट अर्क, इजिप्तमधून आणि फ्रान्समधल्या ग्रासहून येतो, महाग असतो, आणि वास एकदम कच्चा हिरवा, ओला. काकडी चिरली की जो वास येतो ना त्यातला एक आल्डिहाईड आणि या पानातला एक आल्डिहाईड एकच, नोनाडायनल, त्यामुळे पहिल्यांदा हुंगणाऱ्याला काकडी आठवते आणि तो चुकत नाहीये. त्यावर लेमन व्हर्बिना (लिंबासारख्या वासाची पानं), मध्ये आयरिसची कोरडी पावडर, खाली चंदन आणि अंबरग्रिसची खारट ऊब. डायहायड्रोमर्सिनॉल तिथेही आहेच, पण तो मागच्या बाकावर. कूल वॉटरमध्ये तो वर्गाचा मॉनिटर आहे, आणि व्हायोलेटचं पान नावापुरतं.

ट्रे नुई हा अरमाफचा, म्हणजे दुबईच्या स्टर्लिंग परफ्युम्सचा. हेच ते क्लब द नुई इंटेन्स मॅनवाले, जो क्रीडच्याच ॲव्हेंटसचा क्लोन म्हणून जगभर गाजला. यांनी कूल वॉटरकडे बघितलेलंच नाही, सरळ थोरल्याचा सांगाडा घेतलाय: व्हर्बिना, व्हायोलेट, आयरिस, चंदन, अंबर. म्हणून तुझ्या कामाचा आहे.

आता दोन्ही वास मनगटांवर लावून बसलास तर काय होतं ते जरा बारकाईने सांगतो कारण घेताना लोक पहिल्या दोन मिनिटांवर निर्णय घेतात आणि तिथेच फसतात.

पहिली पाच मिनिटं ट्रे नुई त्रास देतो. लिंबू तिखट, जवळजवळ फरशी पुसायच्या लिक्विडच्या वाटेवर, आणि अल्कोहोलचा झटका वेगळा. कूल वॉटर इथे सरळ जिंकतो, त्याची ओपनिंग गोळीबंद आहे, पुदिना आणि लव्हेंडर एकमेकांत असे बसलेत की जोड सापडत नाही. दुकानात उभा राहून कुणीही कूल वॉटरच उचलेल. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र पालटतं. ट्रे नुईचं लिंबू खाली बसतं आणि ते ओलं हिरवं पान वर येतं, थोडंसं साबणी, पण हिरवंच. आणि साधारण अर्धा तास ते दोन तास हा त्याचा सुवर्णकाळ, या काळात तुझा दुबईवाला कलीग शेजारी उभा असला तरी सहज फरक सांगता येणार नाही. कूल वॉटर त्याच वेळात सपाट होत जातो, स्वच्छ, आंघोळ करून आल्यासारखा, बस. तीन-चार तासांनंतर दोघंही गरीब होतात पण वेगवेगळ्या पद्धतीने. कूल वॉटरचं जे उरतं ते हलकं मस्क आणि लाकूड, धुतलेल्या कपड्यासारखं. ट्रे नुईचं उरतं ते सिंथेटिक चंदन आणि अंबर, थोडं कोरडं, थोडं खरखरीत. ग्रीन आयरिश ट्वीडमध्ये याच टप्प्याला जी मलईदार ऊब असते ती ट्रे नुईत नाही. अजिबात नाही असं नाही, पण पातळ आहे.

हे असं का होतं यात खरी मेख आहे. डुप, म्हणजे असा क्लोन, करतात कसा, तर मूळ परफ्यूम आणायचा आणि जीसी-एमएस मशीनमध्ये टाकायचा. मशीन त्यातला एकेक उडणारा रेणू वेगळा करून सांगतं की लिमोनीन इतका, डायहायड्रोमर्सिनॉल इतका, अँब्रोक्सान इतका. काही तासांत तुझ्या हातात ढोबळ फॉर्म्युला. सगळीकडे हेच चालतं, मोठ्या कंपन्याही एकमेकांचं बघतातच, यात चोरून करण्यासारखं काही राहिलेलं नाही. कायद्याचं म्हणशील तर २००६ च्या जूनमध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टाने सांगितलं की परफ्यूमच्या वासाला कॉपीराइट नाही, आणि त्याच आठवड्यात नेदरलँड्सच्या सर्वोच्च कोर्टाने लांकोम कंपनीच्या त्रेझॉर या परफ्यूमच्या खटल्यात सांगितलं की आहे. एवढं घोळाचं प्रकरण. नाव, लोगो, बाटलीचा आकार ढापला तर पकडतात, वासाला पकडणं महाकठीण.

पण मशीन कुठे अडतं तर नैसर्गिक मालात. व्हायोलेटच्या पानाचा ॲब्सोल्यूट म्हणजे एक पदार्थ नाहीये, त्यात ढीगभर घटक असतात, काही इतके कमी की मशीनच्या आलेखात नुसती सुरकुती दिसते पण नाकाला मात्र त्यानेच फरक पडतो. तसंच चंदनाचं. शिवाय मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे काही खास रेणू असतात जे त्या बाहेर विकतच नाहीत, आम्ही त्यांना कॅप्टिव्ह म्हणतो. आणि माल कुठला हे कळलं तरी खिसा परवानगी देत नाही. दोन हजारांच्या बाटलीत दुकानदार, इम्पोर्टर, कर, खोका, काच सगळं भागवून आतल्या तेलाला जे उरतं त्यात खरं पान आणि खरं चंदन बसवणं शक्यच नाही. मग परफ्युमर काय करतो, जे पहिल्यांदा नाकात जातं तिथे पैसे घालतो, कारण गिऱ्हाईक तिथेच ठरवतं, आणि तळाला काटकसर. म्हणून बहुतेक डुप वरून नव्वद टक्के आणि खालून साठ टक्के जुळतात. ट्रे नुई यात जरा वेगळा, त्याचं अगदी वरचं लिंबू स्वस्त आहे पण मधलं हिरवं मनापासून केलंय. माझ्या मते अरमाफच्या फार बोलबाला न झालेल्या मालात हा सगळ्यात प्रामाणिक आहे.

कूल वॉटरच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी. लोक म्हणतात जुना कूल वॉटर वेगळा होता, आता पाणी घालतात. पाणी कुणी घालत नाही, पण बदल झालाय हे खरंय. इफ्राचे म्हणजे फ्रेग्रन्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नियम दर काही वर्षांनी कडक होतात, ओकमॉससारख्या मालावर मर्यादा आल्या, युरोपने लायरल नावाचा पदार्थ बंद केला, १ मार्च २०२२ पासून लिलियल हा दुसरा पदार्थही बंद झाला, आणि प्रत्येक वेळी जुन्या परफ्यूमला पुन्हा शिवावं लागतं. नव्वदच्या दशकात कुणी दुबईहून किंवा मस्कतहून आणलेली बाटली अजून ज्यांच्या घरात असेल त्यांनी ती आणि आजची शेजारी ठेवून बघावी, जुनीचं तळ जास्त भरलेलं लागतं, तंबाखू आणि लाकूड नीट कळतं. (जुनी बाटली उन्हात राहिली असेल तर टॉप नोट, म्हणजे लावल्या लावल्या येणारा वास, उडालेली असते, त्याचा पण विचार करा, उगाच आठवणींना मार्क देऊ नका.) तरीही आजचा कूल वॉटर हा सेलमधल्या भावात बाजारातल्या बहुतेक "स्पोर्ट", "ब्लू", "आईस" छापाच्या नव्या मालापेक्षा चांगला बांधलेला आहे. एखाद्याने मला विचारलं की बाबांसाठी काहीतरी घ्यायचंय, त्यांना उग्र चालत नाही, मी डोळे मिटून कूल वॉटर सांगतो. तू विचारलंयस ते वेगळं आहे एवढंच.

टिकण्याबद्दल. तुला वाटत असेल महाग तो जास्त टिकतो आणि स्वस्त तो उडतो, तर इथे दोघंही ओ द त्वालेत, म्हणजे परफ्यूमचा हलका प्रकार आहेत आणि दोघंही ताजे वास आहेत, ताज्या वासाचे रेणू हलके असतात आणि हलके म्हणूनच उडतात. पुण्याच्या हिवाळ्यात ट्रे नुई कातडीवर पाच-सहा तास देईल, कूल वॉटर चारच्या आसपास. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत सुरुवातीला दरवळ जास्त येतो पण घामाबरोबर सगळं लवकर संपतं. तुला सकाळी नऊ ते रात्री आठ पाहिजे असेल तर तीन हजारांतच काय तीस हजारांतही या जातीचा परफ्यूम ते करणार नाही, खुद्द ग्रीन आयरिश ट्वीडही करत नाही. छोटी दहा एमएलची स्प्रे कुपी भरून बॅगेत ठेव, दुपारी जेवणानंतर एक फवारा मार, संपला विषय. आणि "ओ द परफ्यूम लिहिलंय म्हणजे जास्त टिकणार" याच्यावरही फार जाऊ नकोस, या शब्दांची टक्केवारी कुठल्या कायद्याने बांधलेली नाही, जो तो आपल्या सोयीने लिहितो.

अजून एक, दोन तासांनी "मला तर काहीच वास येत नाही" म्हणून लोक पुन्हा चार फवारे मारतात आणि लिफ्टमधले बाकीचे गुदमरतात. या वासांत अँब्रोक्सान, मस्क आणि आयोनोन (व्हायोलेटच्या फुलासारखा वास देणारे पदार्थ) आहेत, आणि नाक या मंडळींना फार लवकर सरावतं. काही लोकांना तर जन्मतः काही मस्क येतच नाहीत, बीटा-आयोनोनचंही तसंच, एका जनुकाचा खेळ आहे, तोच वास एकाला फुलासारखा लागतो आणि दुसऱ्याला धड काही कळतच नाही. त्यामुळे दोन मित्रांचं ट्रे नुईबद्दल जमीन-अस्मानाचं मत असेल तर दोघंही खरं बोलत असू शकतात. टिकतंय का हे दुसऱ्या कुणाला तरी विचार, स्वतःच्या नाकाला नाही.

मॅसरेशनचं विचारलंयस, म्हणजे अरमाफची बाटली आणली की चार फवारे मारून महिनाभर अंधारात ठेवायची मग ती "पिकते". लोणचं नाहीये ते. होतं काय की तेल अल्कोहोलमध्ये मिसळल्यावर काही आठवडे मुरू देणं, गार करून गाळणं हे कारखान्यात व्हायला पाहिजे आणि स्वस्त मालात कधीकधी ते घाईत उरकतात, म्हणून नवी बाटली पहिल्या काही दिवसांत कच्ची लागते आणि नंतर लिंबाची धार थोडी बोथट होते. तेवढा फायदा खरा आहे. पण महिन्याने त्यात मलईदार चंदन उगवेल अशी आशा धरू नकोस, जे घातलेलंच नाही ते कुठून येणार.

घेण्याआधी हुंगायचं कसं ते लिहितो. मॉलमध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नकोस. पट्टीवर मारलास तर लगेच नाकाला चिकटवू नकोस, अल्कोहोल उडू दे. पट्टीवर फक्त नापास करायचं, पास करायचं कातडीवरच. एका हातावर एक, दुसऱ्यावर दुसरा, मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत, आणि दुकानातून बाहेर पड. चहा पी, फिर, तासाभराने बघ, मग घरी गेल्यावर बघ. मध्ये नाक थकलं तर ती कॉफीच्या बियांची बरणी कशाला, आपल्याच शर्टाच्या बाहीत श्वास घे, तेवढंच काम होतं. ट्रे नुई मॉलमध्ये टेस्टरला सहसा मिळत नाही, तेव्हा आधी पाच एमएलचा डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली छोटी कुपी, मागव, डिकँटवाला ओळखीचा किंवा जुना असावा.

मोहम्मद अली रोडवर किंवा पुण्यात बोहरी आळीकडे अत्तरवाल्यांकडे "ग्रीन आयरिश" म्हणून तोळ्यावर तेल मिळतं, तेही स्वस्त पडतं, मला ती दुकानं फार आवडतात आणि तिथला माणूस जेवढं जाणतो तेवढं मॉलमधल्या सेल्सवाल्याला ठाऊक नसतं. पण या विशिष्ट वासासाठी तेल नको. तेलात अल्कोहोल नसतो त्यामुळे वर उचलणारं काही राहत नाही, व्हर्बिना आणि पान दबून जातात आणि खालचं चंदन-मस्क तेवढं जवळ चिकटून राहतं. ऊद, केवडा, खस असलं काही घ्यायचं तर तिथे जा आणि कापसाचा फाया कानात घालून बाहेर ये.

किमतीचं बघ. कूल वॉटरच्या १२५ एमएलच्या खोक्यावरची एमआरपी बघून घाबरू नकोस, ऑनलाइन सेलला तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो, आणि मग ट्रे नुईच्या १०० एमएलमध्ये आणि त्याच्यात फार अंतर उरत नाही. म्हणजे पैशाचा प्रश्न निकालात निघाला, वासाचाच राहिला. पण कूल वॉटर घेताना खोट्या मालाची भीती ट्रे नुईपेक्षा जास्त, कारण खपतो तोच नकली बनतो. स्टेशनबाहेर पाचशेला मिळणारा "एक्स्पोर्ट सरप्लस" हा सरळ नकली समजायचा. खोक्यावर इम्पोर्टरचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि इम्पोर्ट रजिस्ट्रेशन नंबर असलेला स्टिकर पाहिजे, खोक्याच्या तळाचा बॅच कोड आणि बाटलीच्या तळाचा बॅच कोड एकच पाहिजे. फवारा बारीक धुक्यासारखा यायला हवा, नकली बाटली पिचकारी मारते. आणि वीस मिनिटांत नुसता गोड साखरेसारखा वास उरला तर पैसे गेले. नकली आणि क्लोन यात लोक गल्लत करतात म्हणून सांगतो, अरमाफ स्वतःच्या नावाने विकतो, कारखाना आहे, घटकांची यादी छापलेली आहे, पुरळ आलं तर कुणाला विचारायचं हे माहीत आहे. नकली डेव्हिडॉफमध्ये काय घातलंय ते देवच जाणे, ते कातडीला लावायचंच नाही.

पुरळावरून, तुझी कातडी नाजूक असेल तर दाढी केल्या केल्या यातलं काहीच गळ्याला लावू नकोस. खोक्यावर लिनालूल, लिमोनीन, सिट्राल अशी नावं दिसतील, ती ॲलर्जी असणाऱ्यांसाठीच छापलेली असतात. ट्रे नुईत वर लिंबू भरपूर आहे, आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक फवारा मारून एक दिवस बघ.

राहिलं लग्न. मे महिना, नाशिक, दुपारचा मुहूर्त असेल तर मांडवात चाळीसच्या आसपास जाणार आणि आजूबाजूला मोगऱ्याचे गजरे, गुलाबपाणी, होमाचा धूर, जेवणातला मसाला. अशा ठिकाणी कूल वॉटर हरवूनच जातो, तो लावलाय हे तुला सोडून कुणाला कळणार नाही. ट्रे नुईचं हिरवं पान त्या सगळ्या गोड वासांतून वेगळं निघतं, त्यामुळे तिथेही तोच. तयार व्हायच्या अर्धा तास आधी छातीवर दोन, मानेच्या मागे एक, म्हणजे लिंबाची ती पहिली कटकट घरातच संपते. कुर्ता सुती असेल तर त्याला आतून एक फवारा मार, कापडावर कातडीपेक्षा जास्त टिकतो. सिल्क किंवा पांढरा झब्बा असेल तर मात्र कापडाला लावू नकोस, डाग राहतो. आणि रिसेप्शन संध्याकाळी एसी हॉलमध्ये असेल तर जाताना पुन्हा दोन. ऑफिससाठी रोज दोनच फवारे पुरे, तिथे एसीची हवा फिरत राहते आणि क्युबिकलमधला शेजारी काही तुझ्या बहिणीच्या लग्नाला आलेला नसतो.